थोरली, धाकटी आणि उजवा पाय

दादांच्या घरी सुना दोन आणि दागिन्यांचा जोड मात्र एकच, असं बँडमधला ड्रमर ढम्या नव्या माणसाला हमखास सांगत असे. समोरचा गोंधळला की मग तो खुलासा करी. सुना म्हणजे बँडमधल्या गिटारवाल्या दादांचे दोन बोर्ड, वाजवताना पायाशी ठेवायच्या फळ्या. थोरली लांबरुंद, अल्युमिनियमची, दोघांनी धरून टेम्पोत चढवावी अशी. ती मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमांना जाई. धाकटी एवढीशी, शाळकरी पोराच्या दप्तरात मावेल अशी. ती हॉटेलाच्या जेवणघरात, जिथे बँडला एक कोपरा मिळतो आणि त्या कोपऱ्यातूनही वेटर ये-जा करतात, तिथे चाले. आणि दागिने म्हणजे पेडल. मुठीएवढ्या लोखंडी डब्या, प्रत्येकीवर पायाने दाबायचा एक स्विच आणि दोनतीन गोल बटणं. दादांच्या गिटारचा आवाज या डब्यांतून फिरून मगच स्पीकरला पोचे. एकीने तो खरखरीत होई, एकीने पाण्याखालून आल्यासारखा थरथरे, एकीने त्याला पडसाद फुटत.

"दुसरा जोड करून टाका की," असं लोक म्हणत. दादा मान हलवत. एकाच कंपनीची, एकाच रंगाची दोन पेडल जुळ्या भावांसारखी असतात, दिसायला एक आणि वागायला भलतीच, असं त्यांचं मत होतं. ज्या डबीशी वीस वर्षं संसार केला तीच हवी. त्यामुळे मोठा कार्यक्रम आला की धाकटीच्या अंगावरचं सगळं उतरवून थोरलीला घालायचं, आणि तो आटोपला की पुन्हा उलट. हे काम जेवणाच्या टेबलावर चाले. धाकटीवर पेडल वेल्क्रोच्या पट्टीने चिकटलेली असत, ती उपटताना चर्र असा आवाज होई. थोरलीचं तसं नव्हतं. टेम्पोच्या हादऱ्यात वेल्क्रो टिकत नाही, म्हणून दादांनी प्रत्येक पेडलखाली पत्र्याची एक पट्टी कापून घेतली होती; तिचे दोन कान खाली वळवून स्क्रूने फळीला आवळायचे.

"एका नवऱ्याला तीन बायका," दादांची बायको टेबल मोकळं होण्याची वाट बघत म्हणे. "त्यातल्या दोघी टेबलावर आणि मी उभी."

"तू पट्टराणी," दादा मान वर न करता म्हणत.

"पट्टी-राणी म्हणा. पट्ट्या उचलायला मीच असते."

दादांची आणखी एक खोड होती. ते बूट काढून, नुसत्या मोज्यांवर वाजवत. बूट घालून पेडल दाबणं म्हणजे हातमोजे घालून डोळ्यातलं कुसळ काढणं, असं ते म्हणत. पायाला स्विच कळायला हवा. तो आत जातो, खट् करतो, वर येतो. हे कळलं की खाली बघावं लागत नाही, आणि खाली बघणारा गिटारवाला हा पैसे सांडलेल्या माणसासारखा दिसतो. नुसतं दाबणंच नव्हे, ते अंगठ्याने बटण फिरवतही असत. बँडची गायिका, जिला सगळे ताई म्हणत, एक संथ गाणं म्हणे. त्यातली शेवटची ओळ ती धरून ठेवी आणि तेवढ्यात दादा उजव्या पायाच्या अंगठ्याने पडसादाचं बटण अगदी सावकाश वळवत. मग तिचा आवाज थांबला तरी गिटार दूर दूर जात राही. पुढच्या रांगेतले लोक माना लांब करून त्यांचा पाय बघत. हे गाणं आणि हा अंगठा, यावर दादांची बँडमधली जागा उभी होती. बोटांनी बरं वाजवणारे शंभर सापडतात, हे त्यांना माहीत होतं.

अंगात साखर होती, बरीच वर्षं. गोळ्या ते आठवणीने विसरत.

पहिल्यांदा बिनसलं ते हॉटेलात. संथ गाणं सुरू व्हायच्या आधी खरखरीचं पेडल बंद करायचं असतं. दादांनी ते दाबलं, डोळे मिटून पहिला सूर छेडला, आणि ताईच्या हळुवार आवाजावर करवत चालावी तसा गिटारचा आवाज पडला. जवळच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. दादांनी घाईने पुन्हा दाबलं, तर शेजारचंही दाबलं गेलं. सावरेपर्यंत अर्धं कडवं संपलं होतं.

"दादा," सामान आवरताना ताई म्हणाली, "आज मी गात होते की भांडत होते?"

"स्विच गेलाय, ताई. खटकाच बसत नाही त्याचा."

घरी टेबलावर त्यांनी हाताच्या अंगठ्याने तोच स्विच दाबून पाहिला. खट्. पुन्हा दाबला. खट्. चांगला ठणठणीत होता. तरीही ते तो घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानेही दाबून पाहिला.

"दादा, हा माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

"इथे वाजतो. तिथे वाजत नाही."

"मग तिथल्या हवेचा दोष," तो म्हणाला, पण आग्रहाखातर त्याने नवा स्विच बसवून दिला.

पुढच्या वेळी दुसऱ्याच पेडलने दगा दिला. मग तिसऱ्याने. दादांनी रीतसर विचार केला. सगळेच स्विच एकदम कसे जातील? म्हणजे दोष फळीचा. धाकटी मधोमध दबत असणार, दाब फळीच खाऊन टाकत असणार. म्हणून त्यांनी सगळी पेडल थोरलीवर चढवली आणि एका मोठ्या कार्यक्रमाला ती नेली. थोरली दगडासारखी होती, ती दबणं शक्य नव्हतं. तिथेही दोनदा चुकलं. मग थोरलीचे रबरी पाय बदलले. मग दोन पेडलमधलं अंतर वाढवलं. मग पुन्हा धाकटी. त्या महिन्यात दागिने इतक्या वेळा इकडचे तिकडे झाले की वेल्क्रोची लव झडून गेली.

"दोघींना बदलून झालं," बायको म्हणाली. "आता काय बदलायचं उरलं?"

"तू," दादा म्हणाले. पण ती हसली नाही.

"परवा जिना उतरताना तुमची चप्पल मागे राहिली. उजवी. तुम्ही एक पाय उघडा घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलात. मी मागून घेऊन आले."

"विचारात होतो."

"हो, पण पायाला रस्ता लागत नाही का हो?"

दादा त्या वेळी एका स्विचवर तेलाचा थेंब सोडत होते आणि थेंब नीट सोडणं महत्त्वाचं होतं. माणसाला एखादी गोष्ट कळलेली असते आणि तिला तो दारातच उभी ठेवतो, पाणीही विचारत नाही, तसं त्यांचं चाललं होतं.

मग ताईने एक दिवस तालमीनंतर त्यांना बाजूला घेतलं. ती वाईट बाई नव्हती. बोलताना तिने स्वतःच्याच ओढणीला चार गाठी मारल्या.

"दादा, शनिवारचं सभागृह मोठं आहे. संथ गाणं मी नुसत्या पियानोवर म्हटलं तर चालेल का तुम्हाला?"

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"शनिवारी चुकलं तर यापुढे पियानोवर म्हण," दादा म्हणाले. "मी स्वतः सांगतोय. पण शनिवारी मला वाजवू दे."

शुक्रवारी त्यांनी थोरलीला नटवलं. पट्ट्या बसवल्या, स्क्रू आवळले, तारा बांधल्या. पडसादाचं पेडल सगळ्यात शेवटी आलं. त्याच्या स्क्रूचं जुनं भोक सैल झालं होतं, म्हणून पट्टी उलटी फिरवून नव्या भोकात बसवावी लागली. डोकं उद्याच्या गाण्यात होतं.

शनिवारी दादांनी खाली बघून वाजवलं. पैसे सांडलेल्या माणसासारखं. पायावर विश्वास न ठेवता, दर वेळी डोळ्यांनी अंगठा स्विचवर नेऊन, पेडलवरचा बारीक लाल दिवा लागला की नाही हे बघून. मान दुखली, पण एकही खटका चुकला नाही. संथ गाणं आलं. ताईने शेवटची ओळ धरली. दादांनी अंगठा बटणाशी नेला, नजरेने तो वळवला, आणि गिटार दूर दूर गेली, जावी तशीच. सभागृहात टाळ्या पडल्या. ताईने मागे वळून त्यांना हात जोडले. कित्येक महिन्यांनी दादांना भूक लागल्यासारखं वाटलं.

पडदा पडल्यावर ढम्याने त्यांना मिठी मारली. "म्हाताऱ्या, जिंकलास! लोक विचारत होते, तो पायाने वाजवणारा कोण?" मग तो तारा गुंडाळायला वाकला आणि थांबला. "दादा, तुमच्याकडे काही सांडलंय का? चिकटतंय सगळं."

थोरलीच्या पुढे मंचाच्या फळ्यांवर पावलांचे ठसे होते. एकाच पायाचे. काही सुकून काळपट झालेले, काही ओले.

"अरे, कुणाला लागलं?" दादांनी विचारलं आणि इकडेतिकडे बघितलं.

ढम्या त्यांच्या मोज्याकडे बघत होता.

पडसादाच्या पेडलखालची पट्टी उलटी बसली होती. तिचा एक कान खाली वळायच्या ऐवजी वर आला होता, पात्यासारखा. संध्याकाळभर मंचाच्या अंधुक उजेडात दादा काळ्या मोज्यांनी त्याच्यावर पाय देत होते, नजर फक्त लाल दिव्यावर. कान लालभडक झाला होता आणि त्याला मोज्याचे धागे लागले होते.

"दुखत नाही तुम्हाला?" ढम्या म्हणाला. त्याच्या तोंडून इतक्या हळू आवाजात निघालेलं वाक्य दादांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"नाही," दादा म्हणाले आणि थोरलीच्या कडेवर बसले. सगळे स्विच चांगले होते. पहिल्यापासून चांगले होते. दुरुस्तीवाल्याकडे न्यायला हवं होतं ते त्यांनी रोज मोज्यात घालून सगळीकडे नेलं होतं.

त्यांनी रुमाल बांधला आणि ढम्याला शपथ घातली. घरी बायकोला "जरा खरचटलं" म्हणून सांगितलं. हॉटेलचे कार्यक्रम होते. ते बुडवायचे तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की ते खरं झालं असतं. दादांनी धाकटी सजवली, जाड मोजे घेतले, खाली बघून वाजवलं. दुखत नाही त्या अर्थी बरं होत असेल, असंही एक मन म्हणे. आयुष्यभर दुखणं हीच आजाराची खूण मानलेल्या माणसाला न दुखण्याची भीती वाटायला वेळ लागतो.

वास आधी बायकोला आला. तिने काही न विचारता त्यांना खुर्चीत बसवलं, मोजा ओढून काढला, आणि तशीच जमिनीवर बसून राहिली. अंगठा जांभळा होता आणि शेजारचं बोट काळं.

"किती दिवस?" ती म्हणाली.

"शनिवारपासून."

"कुठल्या शनिवारपासून?"

दादांनी सांगितलं. तिने मोजा घडी करून बाजूला ठेवला, जणू तो धुवून पुन्हा वापरायचा होता.

डॉक्टरांनी खणातून एक नादकाटा काढला. दादांना गंमत वाटली. असाच नादकाटा त्यांच्या गिटारच्या पेटीत होता, सूर जुळवायला. डॉक्टरांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याचं बूड दादांच्या चांगल्या दिसणाऱ्या बोटावर टेकवलं.

"कळतंय?"

"हो. खर्जातला आहे. माझा वरच्या सुराचा आहे."

"ऐकायचं नाही. पायाला थरथर कळते का, सांगा."

दादांनी डोळे मिटले. सूर खोलीत स्वच्छ होता, बारीक होत होत विरत चालला होता. पाय मात्र कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडला होता. डॉक्टरांनी काटा घोट्यावर टेकवला, मग नडगीवर. नडगीच्या मध्याशी कुठेतरी एक मुंगी चालल्यासारखं झालं.

"इथे," दादा म्हणाले.

"इथून खाली काहीच नाही?"

"नाही."

डाव्या पायाचीही तीच गत निघाली, फक्त मुंगी जरा खाली भेटली. डॉक्टर शांतपणे बोलले. अंगठा आणि शेजारचं बोट ठेवता येणार नाही. विष पुढे सरकलं असेल तर आणखीही काही. सहा महिने आधी आला असतात तर, असं ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. यापुढे कधीही, घरातसुद्धा, बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही.

"उजवाच का?" दादांनी विचारलं. "म्हणजे, त्याच्याऐवजी डावा घेतला तर चालणार नाही का?"

डॉक्टरांना वाटलं त्यांनी विनोद केला. बायकोला कळलं, तो विनोद नव्हता. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

दवाखान्यातून घरी आल्यावर दादा पाय उशीवर ठेवून दिवसभर टेबलासमोर बसून राहत. टेबल आता मोकळं होतं. एका दुपारी ढम्या आला. बराच वेळ तो चहाच्या कपाशी खेळत बसला.

"ताई म्हणाली तुम्हाला सांगावं. म्हणजे विचारावं."

"माणूस मिळाला ना?"

"तात्पुरता हो. तुम्ही उभे राहीपर्यंत." ढम्याने कप ठेवला. "नाहीतर असं करू, तुम्ही बसून वाजवा. स्विच मी दाबतो."

"तुला तुझे दोन पाय पुरत नाहीत, लयीत राहायला." दोघंही हसले आणि दोघांनीही ते लवकर थांबवलं. "काय हवंय, बोल."

"त्याच्याकडे गिटार आहे, पेडल नाहीत. तुमचे आवाज लोकांच्या कानात बसलेत. ताई म्हणाली, धाकटी दिली तर..."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिचं लक्ष दादांकडे होतं.

"बूट घालून वाजवतो?" दादांनी विचारलं.

"हो. बूट म्हणजे काय, होड्याच. अकरा नंबर असेल."

"मग असं चालणार नाही. माझ्या मोज्याच्या मापाने लावलेली आहेत ती. एक दाबायला जाईल आणि दोन दाबेल. दे इकडे."

ढम्याने धाकटी टेबलावर ठेवली. दादांनी सगळी पेडल उपटली, चर्र, चर्र, आणि बायकोला त्यांचे जुने बूट आणायला सांगितले. बूट फळीवर आडवे, उभे ठेवून त्यांनी माप घेतलं. एवढ्या अंतराने लावली तर सगळी मावत नव्हती. थरथरीचं पेडल काढलं. ते दोनच गाण्यांत लागे. आणखी एक काढलं. मग पडसादाचं पेडल हातात घेऊन ते बसून राहिले.

"हे नको का?" ढम्या म्हणाला.

"हवं. पण तो ते पायाने फिरवणार नाही. फिरवायला जाईल आणि बटण मोडेल." दादांनी बटण थोडं उजवीकडे केलं, थोडं डावीकडे, कान देऊन. आवाज नव्हता, गिटार जोडलेली नव्हती, तरी ते ऐकत होते. एका जागी त्यांनी ते थांबवलं आणि त्यावरून काळी चिकटपट्टी गुंडाळली, वर नखाने दाबली. "इतकाच पडसाद. लांबणार नाही, पण वाईटही वाटणार नाही. त्याला सांग, नुसतं दाब आणि सोड."

"ताईचं गाणं?"

"त्यातही तेवढंच."

ढम्या धाकटीला काखोटीला मारून जिना उतरला. वळणावर ती कठड्याला आपटल्याचा आवाज आला. उरलेली दोन पेडल बायकोने फडक्यात बांधली. "ही थोरलीवर लावू का?" तिने विचारलं. "नको," ते म्हणाले. "दोन पेडलसाठी एवढी मोठी फळी कोण उचलणार?"

हॉटेलातला कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आवाजात तिचं खरं प्रेम होतं. तिने आधी पायाची चौकशी केली, मग बायकोची, मग औषधांची.

"आणि कालचं?" दादांनी विचारलं.

"छान झालं हो. मी उगाच घाबरले होते. पोरगा खाली बघतसुद्धा नाही. संथ गाण्यालाही टाळ्या पडल्या." मग दादांचा जीव भांड्यात पडावा म्हणून ती मोठ्या मायेने म्हणाली, "तुमच्यावाचून काही म्हणजे काही अडलं नाही, दादा. तुम्ही अजिबात काळजी करू नका. अगदी सावकाश बरे व्हा."

"बरं झालं," दादा म्हणाले. "बरं झालं, ताई."

त्यांनी फोन ठेवला. बायको गरम पाणी, कापूस आणि कात्री घेऊन आली होती. पट्टी बदलायची वेळ होती.

"काय म्हणत होत्या?"

"छान झालं म्हणाली."

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं. पाय मांडीवर घेऊन ती पट्टीचे वेढे सोडवू लागली. रोज या वेळी दादा खिडकीकडे तोंड करत. आज त्यांनी केलं नाही. शेवटचा वेढा सुटला, कापूस निघाला, आणि पायाच्या टोकाशी जिथे वळण असायला हवं तिथे नुसती एक तिरकी, शिवलेली कड होती. तेवढीच. पाऊल मधेच कुणीतरी हाक मारल्यामुळे अर्धवट सोडलेल्या कामासारखं दिसत होतं.

बायकोने कापूस पाण्यात बुडवला, पिळला.

"दुखलं तर सांगा हं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाले, आणि ती जखम पुसत असताना अगदी मन लावून दुखण्याची वाट बघत राहिले.